निमकीचा तास, वेलदोड्याच्या गावात

रविवार

ग्वातेमाला सिटीहून कोबानकडे निघालेली बस पहिले दोन-अडीच तास भलत्याच देशातून जाते. मोतागुआ नदीचं खोरं म्हणजे निवडुंग, काटेरी झुडपं, बोडके डोंगर आणि धूळ. मग एल रांचोच्या फाट्यावर बस डावीकडे वळते, चढण सुरू होते, आणि पुरुल्हा येईपर्यंत ढग थेट खिडकीला टेकलेले असतात. झाडांवर शेवाळ, फांद्यांवर ऑर्किड, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नेचे. केत्साल पक्ष्यासाठी राखून ठेवलेलं जंगल इथंच आहे. त्याला मारिओ दारी यांचं नाव दिलंय. हे जीवशास्त्रज्ञ सान कार्लोस विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९८१ मध्ये त्यांची हत्या झाली. केत्साल मला अजून दिसलेला नाही. नोटांवर रोज दिसतो, कारण चलनाचं नावही तेच.

राजधानीला गेले होते ती मुदतवाढीचा शिक्का घ्यायला. फेब्रुवारीपासून मी आल्ता वेरापास प्रांतात केक्ची या माया लोकांच्या एका वस्तीत राहते आणि तिथल्या सरकारी शाळेत शिकवते. एका छोट्या स्थानिक संस्थेनं मला बोलावलं ते इंग्रजी शिकवायला. पुण्यात मी आठवी-नववीला गणित शिकवायचे. संस्थेला ते माहीत होतं, पण देणगीदारांना इंग्रजी हवं होतं.

कोबानला उतरले तेव्हा चिपी-चिपी चालू होता. बारीक, न थांबणारा, छत्री उघडावी की नको असा विचार करायला लावणारा पाऊस. तिथून सान पेद्रो कारचा. कारचात बाजारातून पिकअपच्या थांब्यापर्यंत रिक्षानं गेले. रिक्षा बजाजची. वाळूजच्या कारखान्यातून सुटलेली ही तीनचाकी इथं 'तुकतुक' म्हणून फिरते, पुढच्या काचेवर येशू आणि मागं बार्सिलोनाचा बिल्ला लावून. मी त्या पोराला सांगितलं की ही गाडी माझ्या मुलखात बनते. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, मग तिकडे सुटे भाग स्वस्त मिळतात का?

पुढचा प्रवास पिकअपच्या हौद्यात, उभ्यानं, लोखंडी दांडा धरून. लांकिनकडे जाणारा हा रस्ता. आमची वस्ती पाहालच्या फाट्याच्या बरीच अलीकडे, डावीकडच्या चढावर. हौद्यात वीसेक माणसं, कोंबड्या, खताची दोन पोती, एक शिवणयंत्र. बायकांनी आपले कोर्ते, म्हणजे घेरदार घागरे, गुडघ्यांत दाबून धरलेले. खड्डा आला की सगळे एकदम खाली वाकतात. हे वाकणं अंगवळणी पडायला मला बरेच आठवडे लागले.

घरी पोचले तर काना दारात. 'काना' म्हणजे बाईमाणसाला आदरानं हाक मारायचा शब्द, पुरुषाला 'कावा'. मी ज्यांच्या घरी राहते त्या साठीच्या बाईंना सगळी वस्ती काना म्हणते, मीही. त्यांनी विचारलं, "मा सा ला चोल?" तुझं हृदय बरं आहे ना, असं विचारायची इथली रीत. "सा," मी म्हटलं आणि बूट काढून चुलीपाशी बसले.

सोमवार

शाळा साडेसातला भरते. त्या वेळी पुण्यात संध्याकाळचे सात वाजलेले असतात, म्हणून घरी फोन करायचा तर मी सव्वासातला, टेकाडावरच्या त्या एका जागी उभं राहून करते. आज आई म्हणाली, गणपतीचं विसर्जन झालं, तिकडे काय चाललंय? मी म्हटलं, ढोल. खरंच ढोल चालले होते. पंधरा सप्टेंबर जवळ आला की देशभरातल्या शाळा संचलनाचा सराव करतात. आमच्या शाळेत दोन ढोल, एक झांज आणि वाजवायला चाळीस उमेदवार.

इमारत सिमेंटच्या विटांची, वर पत्रा, तीन खोल्या. चौथी, पाचवी, सहावी एका खोलीत. शिकवणारे प्रोफे स्वतः केक्ची. कारचाहून मोटरसायकलवर येतात. पहिलीत मुलं येतात तेव्हा त्यांना फक्त केक्ची येत असते. ही भाषा बोलणारे दहा लाखांहून अधिक लोक आहेत, काही सीमेपलीकडे बेलीझमध्येही. कागदोपत्री शिक्षण द्विभाषिक आहे आणि खालच्या वर्गांत ते बऱ्यापैकी तसं चालतं. पण चौथीपासून पुस्तकं स्पॅनिश आणि फळ्यावरचं सगळं स्पॅनिश. त्यावर माझी इंग्रजी, म्हणजे तिसरा मजला. दुसऱ्याचा स्लॅब अजून ओला.

तरी मी शिकवते. रंग, फळं, 'माय नेम इज'. मुलं मजेनं म्हणतात, कारण गाणं असतं. ज्यांचे मामा-काका अमेरिकेत छपरं बांधायला गेलेत ती जास्त लक्ष देतात. एका मुलानं मला गंभीरपणे विचारलं की 'मला पगार दिला नाही' हे इंग्रजीत कसं म्हणतात. संस्थेनं पाठवलेल्या रंगीत पाठ्यपुस्तकात ते वाक्य नाही. विमानतळावर सँडविच मागवायचं वाक्य आहे. मी त्याला वाक्य सांगितलं आणि सगळ्या वर्गानं ते उतरवून घेतलं.

दहाला 'रेफाक्सिओन', म्हणजे शाळेतलं खाणं. २०१७ च्या कायद्यानुसार सरकार पैसे देतं आणि पालकांची समिती सामान आणून रांधते. आज इन्कापारिनाचं आतोल होतं. मक्याच्या पिठात प्रथिनांची भर घातलेली ही पूड १९५० च्या दशकात याच देशातल्या इन्काप या पोषणसंस्थेत तयार झाली. गरम, दाट, किंचित गोड. मला दोन पेले लागतात आणि आया मला हसतात.

मंगळवार

मुसळधार. ओढा भरल्यानं पलीकडची मुलं आलीच नाहीत. शाळा अकराला सुटली.

दुपारी चुलीपाशी बसून होते. काना मका शिजवत होत्या, चुन्याच्या पाण्यात. दाणे रात्रभर त्यात राहतात, सकाळी सालं सुटतात, मग दळण. चुना हा केवळ सालं काढायचा उपाय नाही. त्यानं मक्यातलं नायसिन शरीराला मिळतं. मका युरोपात गेला, चुना इथंच राहिला, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या तिकडच्या गरिबांना पेलाग्रा झाला. कानांना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, चुन्याशिवाय कसा खाणार? आणि तव्यावरची तोर्तिया उलटली.

पाऊस थांबेना म्हणून मी माझा चहा केला. पुण्याहून आणलेली चहापूड, साखर, दुधाची पावडर, आणि अंगणातल्या ढिगातले चार हिरवे वेलदोडे ठेचून. घरभर वास पसरला. मला तो वास म्हणजे दिवाळी, श्रीखंड, पाहुणे. घरातल्यांनी नाकं मुरडली. कानांच्या सहावीतल्या नातीनं एक घोट घेतला आणि सरळ दाराबाहेर टाकला. "सेकादोराचा वास येतो," ती म्हणाली. सेकादोरा म्हणजे वेलदोडे वाळवायची भट्टी. हंगामात ती रात्रंदिवस लाकडं खाते आणि तिचा गोडसर, उग्र धूर कपड्यांत, केसांत, अंथरुणात शिरतो. मजुरीचा वास कोण खाईल?

जगात सगळ्यांत जास्त वेलदोडा आज ग्वातेमाला पिकवतो. भारताचा नंबर त्यानंतर, आणि केरळातले मळेवाले ग्वातेमालाच्या स्वस्त मालानं भाव पडतात म्हणून कुरकुरतात. इथं हे पीक आलं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, कोबानजवळच्या एका जर्मन मळेवाल्यानं लावलं म्हणून. त्या काळी या प्रांतातली कॉफी बहुतांशी जर्मनांच्या हातात होती आणि केक्ची लोक स्वतःच्याच जुन्या जमिनीवर त्यांचे मजूर होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या दबावाखाली जर्मनांच्या मालमत्ता गेल्या. वेलदोडा राहिला आणि हळूहळू छोट्या शेतकऱ्यांच्या हातात आला. माल जातो मुख्यतः सौदी अरेबियाकडे आणि आखातात, तिथल्या कॉफीसाठी. या वस्तीत तो कुणाच्याही स्वयंपाकात नाही. पोटात गुबारा धरला तर एखादा म्हातारा दाणे चघळतो, बस.

बुधवार

बुधवारी प्रोफे मला गणिताचा तास देतात. ही आमची आपसातली व्यवस्था, संस्थेच्या वेळापत्रकात नाही.

माया अंक इथल्या अभ्यासक्रमात आहेत. ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य, आणि मांडणी विसाच्या पटीत, खालून वर. मुलं ते मक्याचे दाणे, काटक्या आणि शिंपल्याच्या जागी बीन्सची शेंग घेऊन मांडतात. बेरीज तर बघत राहावी इतकी सरळ: दाणे एकत्र करा, पाच झाले की एक काटकी, चार काटक्या झाल्या की वरच्या घरात एक दाणा. शून्याला स्वतःची खूण देऊन स्थानानुसार अंक मांडणं आपल्याकडे झालं तसं या लोकांच्या पूर्वजांनीही केलं, एकमेकांचा पत्ता नसताना. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा प्रोफे मुलांपेक्षा जास्त खूश झाले.

अडचण असते गुणाकारात, तीही अर्ध्या-पाव भावांच्या. वेलदोडा पौंडावर विकला जातो, शंभर पौंडांचा क्विंटल, आणि भाव नेहमी पूर्ण केत्सालात नसतो. पन्नास सेंतावो, पंचवीस सेंतावो लागलेले असतात. पुस्तकात दशांश अपूर्णांक येतात तेव्हा मुलं कागदावर आठ ओळींचं गणित करतात आणि टिंब कुठं द्यायचं यावर भांडतात. व्यापाऱ्यासमोर कागद नसतो.

म्हणून मी निमकी काढली, म्हणजे अर्ध्याचा पाढा. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळी तोंडपाठ होती. मला निमकी आणि दिडकी धड येते, औटकी अडखळत. आमच्या पिढीला ती शाळेत नव्हतीच, उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोबांनी पाठ करून घेतली. फळ्यावर स्पॅनिशमध्ये लिहिलं: एकाचा अर्धा अर्धा, दोनाचा अर्धा एक, तिनाचा अर्धा दीड. आधी स्पॅनिशमध्ये म्हटलं, चाल बसेना. मग प्रोफेंनी केक्चीत केलं आणि दोन ढोलांपैकी एक मागवला. पाठांतर आपल्याकडे बदनाम झालंय. त्याच्या बदनामीत माझाही हात असेल, मी पुण्यात 'समजून शिका' म्हणणाऱ्यांपैकीच. पण समजलेलं बाजारात उभं असताना वेळेवर आठवलं पाहिजे, आणि त्याला ताल लागतो.

मग गणित: समजा सदतीस पौंड, पौंडाला साडेसात. कानांची नात डोळे मिटून म्हणाली: सदतीस सत्ते दोनशे एकोणसाठ, सदतिसाचे निमे साडेअठरा. दोनशे साडेसत्त्याहत्तर. बाकीची अजून काटक्या मोजत होती.

गुरुवार

शाळेनंतर कानांच्या घरच्यांबरोबर वेलदोड्याच्या रानात. झाडं माझ्या डोक्याच्या वर, हळदीच्या कुळातली, लांब पात्यांची. फळं मात्र बुंध्याशी, जमिनीलगत लोळणाऱ्या दांड्यांवर. म्हणजे तोडणी उकिडवं बसून, चिखलात, डोकं पानांखाली घालून. एका दांड्यावरची सगळी फळं एकदम तयार होत नाहीत. त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा त्याच झाडाशी, पुन्हा उकिडवं. अंधाऱ्या पाचोळ्यात बार्बा आमारिया नावाचा विषारी साप असतो, म्हणून पुढं एकजण काठी आपटत जातो. हंगाम आत्ता कुठं सुरू होतोय. भर येतो शाळा ऑक्टोबरात संपल्यावर, आणि नोव्हेंबर-डिसेंबरची 'सुट्टी' मुलं इथं काढतात. काही फळं कोवळीच तोडतात. नाहीतर रात्री कुणीतरी तोडून नेतं. वेलदोड्याच्या चोऱ्या हा इथला रोजचा विषय आहे.

रानाच्या वाटेवर कानांच्या मुलाच्या मक्याचं शेत लागतं. तिथं पेरणीआधी त्यांनी पोम जाळला होता, कोपाल झाडाचा राळेसारखा चीक, आणि डोंगर-दरीच्या देवाची, त्सूलताकाची परवानगी घेतली होती. पेरणीच्या आधल्या रात्री जागरण, मेणबत्त्या, कोकोचं पेय. मी विचारलं, वेलदोडा लावताना काय करता? "खत टाकतो," कानांचा मुलगा म्हणाला.

पोतं घेऊन रस्त्यावर आलो. तिथं खरेदीदार काटा टांगून बसतो. असल्या मधल्या व्यापाऱ्याला इथं 'कोयोते' म्हणतात. याचं नाव मी लिहीत नाही, माणूस वाईट नाही, त्याच्या वर आणखी दोन-तीन कोयोते आहेत. ओला माल घेऊन तो सेकादोराला देतो, साधारण पाच क्विंटल ओल्याचा एक क्विंटल वाळलेला होतो, आणि हिरवा रंग टिकला तर भाव, पिवळा पडला की अर्धं गेलं.

काट्यावर सदतीस पौंड. दोन पौंड पोत्याचे आणि पाण्याचे वजा. "पोतं एक पौंडाचंही नाही," नात स्पॅनिशमध्ये म्हणाली. तो म्हणाला पाऊस आहे. ती म्हणाली मग एक पोत्याचा, एक पावसाचा, पण पावसाचा मालात मोजा, आम्ही तो फुकट दिलेला नाही. तो हसला, पौंड काही परत दिला नाही. हिशोब तिनं त्याच्या मोबाइलच्या आधी सांगितला. शेवटी पन्नास सेंतावो कमी दिले, सुटे नाहीत म्हणून, आणि वर दोन च्युइंगगम ठेवले. वाण्याची ही युक्ती जगभर सारखीच असावी.

शनिवार

कोबान. रेशन, औषधं, चांगलं इंटरनेट. संस्थेला मासिक अहवाल पाठवला. 'इंग्रजी शब्दसंपत्ती' या रकान्यात रंग लिहिले, आणि 'इतर' या रकान्यात निमकी. बघू काय म्हणतात. मला विचाराल तर या वस्तीला परदेशी इंग्रजी शिक्षकापेक्षा एक जास्तीचा केक्ची शिक्षक हवा आहे, आणि तो माझ्या विमानाच्या तिकिटाहून फार महाग पडणार नाही. हेही लिहिलं. अहवालात तशी जागा नव्हती, मागच्या पानावर लिहिलं.

कानाही आल्या होत्या, टर्कीचा तुकडा घ्यायला, सोमवारच्या काकिकसाठी. गावाबाहेर जुना लष्करी तळ आहे. आता तिथं संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जाणाऱ्या सैनिकांचं प्रशिक्षण चालतं. २०१२ पासून न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञांनी त्या आवारात खोदकाम करून साडेपाचशेहून अधिक लोकांचे अवशेष बाहेर काढले. यादवीच्या काळात उचलून नेलेले लोक, त्यात बायका आणि मुलंही. १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षं ती यादवी चालली. सत्यशोधन आयोगाच्या अंदाजानुसार दोन लाखांवर माणसं मेली किंवा नाहीशी झाली, आणि ओळख पटलेल्यांपैकी ८३ टक्के माया होते. इथून पूर्वेला पोलोचिकच्या खोऱ्यात पान्सोस आहे. २९ मे १९७८ रोजी जमिनीचा हक्क मागायला जमलेल्या केक्ची लोकांवर तिथं सैन्यानं गोळ्या घातल्या. काना तेव्हा ऐन पोरवयात असतील. मी हे सगळं वाचून जाणते, त्यांच्याकडून नाही. त्यांनी आज मला सांगितलं ते एवढंच की टर्की घेताना मान बघायची.

रविवार, १४ सप्टेंबर

आन्तोर्चा, म्हणजे मशाल. १८२१ मध्ये स्पेनपासून सुटल्याची बातमी गावोगाव पोचवली गेली, त्याची आठवण म्हणून मुलं पेटत्या मशाली घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावी धावतात आणि रस्त्यावरचे लोक त्यांच्यावर पाण्याच्या पिशव्या फेकतात. पाणी का, ते मला कुणी नीट सांगितलं नाही. मजा येते म्हणून, हे उत्तर बहुमताचं. आमची मुलं कारचाहून धावत निघाली. अर्ध्या वाटेवर पिकअपनं उचललं आणि वस्तीच्या शेवटच्या वळणावर पुन्हा उतरवलं. मशाल डिझेलच्या चिंध्यांची, पावसात चारदा विझली.

सोमवार, १५ सप्टेंबर

मध्य अमेरिकेतले पाच देश एकाच दिवशी स्वातंत्र्यदिन साजरा करतात: ग्वातेमाला, एल साल्वादोर, होन्दुरास, निकाराग्वा, कोस्ता रिका. आमच्याकडे झेंडा सहावीतल्या पहिल्या नंबराच्या हातात, म्हणजे कानांच्या नातीच्या. संचलन शाळेपासून चर्चपर्यंत आणि परत, चिखलातून, नव्या पांढऱ्या मोज्यांनिशी. भाषणं लांबली. स्वातंत्र्याबद्दल प्रोफे केक्चीत काहीतरी म्हणाले आणि म्हातारे पुरुष खो खो हसले. मला अर्थ सांगा म्हटलं तर कुणी सांगेना.

मग काकिक. टर्कीचा लालभडक रस्सा: टोमॅटो, वाळक्या मिरच्या, आचिओते, पुदिना, समात नावाची रानकोथिंबीर. सोबत पोच, म्हणजे पानात गुंडाळून उकडलेले मक्याचे गोळे, आणि वर चिमूटभर चिले कोबानेरो, धुरावर वाळवलेली बारीक तिखट मिरची. मी टर्की खात नाही, रस्साही नाही. माझ्या पानात माकुईची भाजी आणि बीन्स. माकुई आपल्या कामोणीची बहीण, जरा कडवट. कानांच्या हातची ती मला काकिकपेक्षा कमी वाटत नाही, आणि त्यांना याचं फार वाईट वाटतं.

मंगळवार

शाळा पुन्हा सुरू. दोन्ही ढोल कपाटात गेले आणि वर्गाला निमकी ढोलाशिवाय म्हणता येईना, म्हणून एक बाहेर काढावा लागला. पुढच्या आठवड्यात दिडकी. औटकी मी आईकडून फोनवर लिहून घेतेय. तिला माझ्याहून बरी येते.

संध्याकाळी नातीचे वडील आले, झेंड्याचा फोटो मोबाइलवर आणायला. सहावी संपत आली. पुढची शाळा चालत दीड तासावर, नाहीतर रोजचं पिकअपचं भाडं. मी विचारलं, जानेवारीत नाव घालणार ना? भाव टिकला तर, ते म्हणाले. मी विचारलं, किती टिकला तर? त्यांनी एक आकडा सांगितला. मुलीनं लगेच किती पौंड लागतील ते काढलं: भाडं, वह्या, गणवेश धरून, साडेचार क्विंटल ओला माल. वडिलांनी मान हलवली. बूट धरले नाहीस, ते म्हणाले, आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.